गमबूट जेवायला आले

नाही नाही, ते तेवढं म्हणू नका. आत्ता 'या एकदा घरी' म्हणालात ना, तेच ते! तुम्ही प्रेमानं म्हणालात, मला कळतं, पण आता मी खिशातून मोबाइल काढणार, कॅलेंडर उघडणार आणि विचारणार, 'केव्हा?' मग तुम्ही हसणार, 'अहो, कधीही या, घर तुमचंच आहे,' मग मी विचारणार, 'कधीही म्हणजे केव्हा?' आणि मग वहिनी तुमच्याकडे अशा बघणार... असं दोन घरी झालंय माझं. तिसऱ्या घरी कुणी बोलावलंच नाही. मला ही सवय फिनलंडच्या माणसांनी लावली. पुढच्या महिन्यात, डिसेंबरात, पाच फिनिश माणसं पुण्याच्या विमानतळावर उतरताहेत, तिकिटं काढून बसलीत, कामं बाजूला टाकलीत, आणि का? तर मी एकदा आणि माझी आई एकदा, असं एकेक वाक्य बोललो होतो. म्हणायचं म्हणून म्हटलं हो! आपण म्हणत नाही का?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मुलगा शिकून आला आणि बिघडला.

मी आयर्लंडला गेलो ना, कॉर्कला, औषधशास्त्र शिकायला, तेव्हा मला वाटलं होतं, चला, सुटलो! आता अशा देशात चाललो जिथं माणूस बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं. कसलं काय! आयरिश माणूस म्हणजे आपलाच चुलतभाऊ. चहा विचारला तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप'. सगळं तेच! घर पडलं तरी 'ग्रँड', म्हणजे झकास, म्हणतील. माझ्या वर्गात किएरन नावाचा मुलगा होता, इतका गोड मुलगा, रोज पाठीवर थाप मारायचा, 'निमिष, आपण एकदा पबमध्ये बसायलाच हवं, शुक्रवारी बघू.' मी शुक्रवारी जॅकेट घालून कॉटवर बसलो. बसलोच. जॅकेटमध्ये झोपलो. पुढच्या शुक्रवारी परत. आता मला सांगा, मी पुण्याचा माणूस, मला 'बघू' म्हणजे काय ते कळू नये? पण परदेशात गेलं की माणूस भाबडा होतो हो. भाषा परकी असली की तिच्यातलं सगळं खरं वाटतं.

तर असाच एक शुक्रवार. दोन हजार वीसचा फेब्रुवारी. मी जॅकेट घालून बसलेला. शेवटी म्हटलं, घातलंच आहे तर बाहेर तरी पडू. बाहेर पडलो तर पाऊस आडवा! तिथला पाऊस वरून पडतच नाही, समोरून चालत येतो. मी एका पबच्या दारात आडोशाला उभा राहिलो, तर डोक्यावर धाडधाड, धाडधाड, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट जिन्यावरून खाली सोडतंय असा आवाज. दारावरच्या माणसाला विचारलं, काय चाललंय. तो म्हणाला, 'फिनलंडवाले आहेत. युअर मॅन ढोलावर आहे ना, तो ठार वेडा आहे.' आता तिथं कुठल्याही परक्या माणसाला 'युअर मॅन' म्हणतात, म्हणजे 'तुमचा माणूस'. माझा कुठून आला? पण खरं सांगू का, इतके महिने तिथं राहून पहिल्यांदा कुणीतरी 'तुमचा माणूस' म्हणालं होतं. मी तिकीट काढलं.

बँडचं नाव कुमिसापास. कुमिसापास म्हणजे गमबूट. अल्टरनेटिव्ह रॉक. म्हणजे काय ते मला विचारू नका, रॉकच असतो, फक्त गाजला की त्यांना लाज वाटते. वर गेलो तर खोलीत माणसं मोजकीच, त्यातली निम्मी माझ्यासारखी पावसाला भिऊन आलेली, आणि स्टेजवर हे पाच जण असे वाजवताहेत, असे वाजवताहेत, की जणू समोर अख्खं मैदान भरलंय! गाणारी हेल्मी, एवढीशी, माझ्या खांद्याला लागेल, पण माइकवर ओरडली की ग्लासं हलायची. ढोलावर यूक्का, दोन मीटर उंच, उघडा, उभा राहून बडवतोय. एक गिटारवाला स्पीकरवर चढलेला, दुसरा जमिनीवर पडलेला, आणि पाचवा मात्र बासरीवाल्या मुद्रेनं शांत उभा राहून इतका मोठा आवाज काढतोय की माझ्या दातातलं सिमेंट हललं. गाणी सगळी फिनिश. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मागाहून कळलं, ते गाणं फ्रिजमधला बर्फ काढण्याबद्दल होतं. असू दे! मी उड्या मारत होतो. मी! सख्ख्या मावसभावाच्या वरातीत मी लोकांच्या पिशव्या सांभाळत उभा होतो, तो मी.

तुम्ही हसताय, पण मला सांगा, चार माणसांसमोर चार हजारांसमोर असल्यासारखं जीव तोडून वाजवणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे? आपल्याकडे समोर गर्दी नसली की वक्ता भाषण आवरतं घेतो. हे लोक आवरत नाहीत! जे करायचं ते पूर्ण करायचं. मी त्या रात्री घरी येताना ठरवलं, आपण असं जगायचं.

आणि कार्यक्रम संपल्यावर बघा गंमत. तेच पाच जण टी-शर्टांच्या टेबलामागे असे उभे, असे उभे, की जणू रक्त तपासायला रांग लागलीये. एक शब्द नाही. मी म्हणालो, तुम्ही फार छान वाजवलंत. हेल्मी म्हणाली, 'हो.' संपलं.

पुढच्या आठवड्यात ते वॉटरफोर्डला होते. मी बस पकडून गेलो. मग केरीत, ट्रलीला होते. तिथंही गेलो. अभ्यास पडला मागे, आई फोनवर विचारतेय, 'निमिष, दम का लागलाय रे?' काय सांगणार, उड्या मारून आलो? ट्रलीला मात्र टेबलामागून हेल्मीनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, 'तू परत.' मी म्हणालो, 'हो, मी परत.' तुम्हाला सांगतो, फिनलंडमध्ये ही मिठी समजतात. माझं मन असं भरून आलं, आणि आपल्या माणसाचं मन भरून आलं की तोंडातून काय निघतं? मी म्हणालो, 'कॉर्कला परत आलात की या एकदा घरी, जेवायला.'

म्हणायचं म्हणून म्हटलं हो!

हेल्मी म्हणाली, 'केव्हा?'

केव्हा? हा प्रश्न त्या देशात मला कुणीही विचारला नव्हता. मी म्हणालो, 'कधीही.' ती गप्प. बाकीचे चौघेही गप्प. माझ्याकडे बघताहेत, शांतपणे, बर्फ पडताना बघावं तसं. ती शांतता मला सोसेना, आणि मी म्हणालो, 'गुरुवारी.' ती म्हणाली, 'गुरुवारी रात्री आमचा कॉर्कला कार्यक्रम आहे. आम्ही पाच वाजता जेवतो. पत्ता सांग.' मी सांगितला. पाच वाजता! आपल्याकडे पाचला माणूस दुपारची झोप काढून चहा मागतो.

माझ्याबरोबर राहायचा संग्राम. मूळचा साताऱ्याचा, तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला डॉक्टर. त्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला, 'निम्या, येड्या, कोण येतंय? ते पण म्हणायचं म्हणून येतो म्हटले असतील. इथं कोण कोणाकडे येतंय का?' आणि मला कळेना की मला काय हवंय. आले तर काय वाढायचं ही धास्ती, आणि नाही आले तर... नाही आले तर पुन्हा जॅकेट घालून बसण्यातलाच प्रकार. ही धास्ती त्याहून मोठी होती, खोटं का बोला.

उजाडला गुरुवार. मार्चचा बारावा दिवस, दोन हजार वीस. सकाळी मी निवांत, म्हटलं दुपारी बाजार करू, भात, आमटी, पोळ्या, दोन भाज्या. आणि दुपारी टीव्हीवर जाहीर झालं, शाळा बंद, कॉलेजं बंद, मोठे कार्यक्रम बंद! मी दुकानात धावलो तर तिथं आधीच अख्खं कॉर्क. तांदूळ नाही, कणीक नाही, बटाटा नाही, शौचालयाचा कागद तर असा गायब की लोक काय खाणार आहेत कळेना. माझ्या वाट्याला आली नारळाच्या दुधाची एक डबी. घरी येऊन प्रेस उघडला, तिथं कपाटाला प्रेस म्हणतात, तर आत आईनं पाठवलेले पोहे. बस. संग्रामचा हॉस्पिटलातून फोन, 'निम्या, घरात कोणाला घ्यायचं नाय. कोणालाच. मी इथं काय बघतोय तुला माहीत नाय. मला काय झालं तर आख्खी शिफ्ट झोपंल.' मी म्हणालो, 'हो रे बाबा.' त्यांचा फोन नंबर माझ्याकडे नाही. वाटलं, रात्रीचा कार्यक्रम रद्द झाला, जग बंद झालं, आता कशाला येतात? सुटलो म्हणून मी बसलो, आणि बसल्यावर लक्षात आलं की मी घरातल्या घरात जॅकेट घातलंय.

पाच वाजले आणि बेल वाजली.

दारात पाचही जण. उंचीनुसार. मी म्हणालो, 'अहो... आज... सगळं बंद झालंय.' हेल्मी म्हणाली, 'तू गुरुवार म्हणालास.' आता काय बोलता? परत पाठवायचं दारातून? आणि तुम्हाला सांगतो, मी काही बोलायच्या आत पाचही जणांनी खाली वाकून बूट काढले, दाराबाहेर ओळीनं लावले. न सांगता! आयर्लंडमध्ये लोक चिखलाचे बूट घेऊन गालिच्यावरून फिरतात हो, आणि हे? मला गहिवरून आलं. मी त्यांना आत घेतलं, सगळ्या खिडक्या उघडायला गेलो तर त्या रंगानं गच्च बसलेल्या. एक उघडेल तर शपथ. त्यांना हात धुवायला लावले, लांब लांब बसवलं, ते तसेही लांबच बसले. आणि गप्प झाले.

ही शांतता तुम्हाला कळायची नाही. आपल्याकडे चार माणसं बसली आणि कुणी बोललं नाही तर समजायचं भांडण झालंय किंवा कुणीतरी गेलंय. मी बडबडतोय, हवा, पाऊस, बस, ते 'हो' म्हणताहेत. मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. म्हटलं, निदान हिची बडबड तरी होईल. आणि कांदा चिरला, कढई ठेवली, तेल, मोहरी, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून जेवढ्या मिरच्या पडतील तेवढ्या मिरच्या. बंद खिडक्या. फोडणी!

पहिला खोकला यूक्काला आला. दोन मीटरचा माणूस खोकला की ते खोकणंही दोन मीटरचं असतं. मग हेल्मी, मग गिटारवाले दोघं, मग तो शांत. पाचही जण लालबुंद, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि नेमकं त्याच वेळी कुलपात किल्ली फिरली. संग्राम! आठ तास ताप आणि खोकला बघून आलेला डॉक्टर दारात उभा, समोर त्याच्याच स्वयंपाकघरात पाच परदेशी माणसं खोकताहेत. त्यानं मफलर तोंडावर ओढला, भिंतीला चिकटला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

'निम्या, कधीपासून?'

मी म्हणालो, 'फोडणीपासून.'

तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय, आणि छतावरचा धुराचा अलार्म सुरू झाला. एरवी फोडणी करायच्या आधी आम्ही त्याला अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घालायचो, तिथं सगळी मराठी मुलं घालतात, पण आज विसरलो! टीं टीं टीं, थांबा, टीं टीं टीं, थांबा. मी स्टुलावर चढलो, हात पोचेना, यूक्काचा पोचला असता पण यूक्का कुठं बघतोय? तो अलार्म ऐकतोय. मान तिरकी करून. आणि त्यानं उलथनं उचललं आणि कढईच्या झाकणावर मारलं. टीं टीं टीं, धप्. टीं टीं टीं, धप्. हेल्मीनं वाटी घेतली. गिटारवाल्यांनी चमचे. आणि तो शांत माणूस, त्यानं आमचा रिकामा फ्रिज वाजवला हो! मग हेल्मी गायला लागली, खोकत खोकत, तेच, फ्रिजमधल्या बर्फाचं गाणं. खालच्या मजल्यावरच्या मिसेस हेगर्टी झाडूच्या दांड्यानं छत ठोकायला लागल्या, आणि देवाशपथ सांगतो, त्याही तालात! आणि संग्राम, मफलर तोंडावर, भिंतीला चिकटलेला, त्याचा तळहात दारावर पडायला लागला. कॉलेजात ताशा वाजवायचा तो. आठवडाभरात मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मफलरच्या वर फक्त डोळे दिसत होते, पण हसत होते.

त्यानंतर किती काळ कुठे कार्यक्रम झाले नाहीत ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांचा माणसांसमोरचा शेवटचा कार्यक्रम आमच्या स्वयंपाकघरात झाला. धुराच्या अलार्मवर.

मग पोहे. आणि फोनमधून आईचा आग्रह. गिटारवाल्याची बशी संपली, मी विचारलं, आणखी? तो म्हणाला, 'नको.' आता फिनिश माणूस नको म्हणाला म्हणजे नको. पण साखरेच्या डब्यापासून आवाज आला, 'लाजतोय रे तो, वाढ की!' मी वाढले. तिकडे त्यांचा नियम असा की बशीत पडलेलं संपवायचं. त्यानं संपवलं. आई म्हणाली, 'बघ, भूक होती पोराला, वाढ!' शेवटी त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं नव्हतं. आईला मात्र भरतं आलं होतं. मुलाच्या घरी पाच पाहुणे, हातात कांदेपोह्यांच्या बश्या, आपल्याकडे कांदेपोहे कधी करतात तुम्हाला माहीत आहे, मुलगी बघायला गेल्यावर. तिला तेच आठवलं असणार. म्हणाली, 'बरं का गं हेल्मी, निमिषच्या लग्नाला यायचं हं सगळ्यांनी. चार दिवस आधी!' आणि मी... मी नुसतं भाषांतर केलं.

हेल्मी म्हणाली, 'केव्हा?'

आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाली, 'सांग तिला, पुढच्या वर्षी डिसेंबरात. थंडी बरी असते.' म्हणायचं म्हणून म्हटलं हो तिनं! आपण भाजीवालीलाही म्हणतो, लग्नाला यायचं हं! मुलगी नाही, स्थळ नाही, पत्रिका कुणी काढलेली नाही! हेल्मीनं चौघांकडे बघितलं, चौघांनी माना हलवल्या, आणि ती म्हणाली, 'डिसेंबर. आम्ही येऊ.' मग उठले, बूट घातले आणि गेले. दारात उभं राहून अर्धा तास बोलणं नाही, 'चला, निघतो' नाही, काही नाही. नुसते गेले. मला इतकं रिकामं वाटलं... पण आले होते हो. येतो म्हणाले आणि आले होते.

कुणाला काही झालं नाही, सांगून ठेवतो. संग्राम पुढे कितीतरी दिवस रोज माझं तापमान घ्यायचा, शिव्या देत.

मग लॉकडाउन. ते परत फिनलंडला, आणि तिकडून गॅरेजमधून इंटरनेटवर लाइव्ह कार्यक्रम करायला लागले. समोर एकही माणूस नाही, आणि तरी तसंच, स्पीकरवर चढून, जमिनीवर पडून! मी लॅपटॉपसमोर मोज्यांवर उड्या मारायचो, चवड्यांवर, कारण संग्राम रात्रपाळी करून झोपलेला. ते दिवस मी त्या उड्यांवर काढले. इकडे पुण्यात आईसुद्धा बघायला लागली. 'तो उंच मुलगा अजून उघडाच आहे का रे, तिकडे बर्फ असतो ना?' किएरनही बघायचा आणि मला मेसेज करायचा, काय क्रेक आहे यार, क्रेक म्हणजे तिकडची धमाल, आपण भेटायलाच हवं! हो बाबा, बघू.

आणि या वर्षीच्या वसंतात, एका कार्यक्रमात, दोन गाण्यांच्या मध्ये, जी बाई कधी बोलत नाही ती हेल्मी कॅमेऱ्याकडे बघून बोलली. म्हणाली, 'डिसेंबरात आम्ही वाजवणार नाही. निमिषच्या लग्नाला भारतात जाणार आहोत.'

खाली अभिनंदनांचा पूर! मिसेस हेगर्टींनी, हो, त्याही बघायच्या, जिन्यात मला मिठी मारायचं हातानं दाखवलं, लांबून. किएरननं विचारलं, मुलगी कोण? आईचा फोन, 'निमिष, अरे मी म्हणायचं म्हणून म्हटलं होतं!' मी हेल्मीला फोन लावला, नंबर लॉकडाउनात मागून घेतला होता, सगळं नीट सांगायला, की आमच्यात असं म्हणतात, त्याचा अर्थ तसा नसतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, 'मग तू गुरुवार म्हणालास, तेव्हाही तसंच म्हणाला होतास?'

सांगा, काय उत्तर द्यायचं? ज्या माणसांनी जग बंद झालेल्या दिवशी पाच वाजता माझी बेल वाजवली त्यांना? मी म्हणालो, 'नाही, नाही. या. डिसेंबरात या.'

आणि मी शिक्षण आटपून इकडे आलो, ठरवूनच आलो, आता आपल्या माणसांत राहायचं पण बोललं ते करायचं. आईनं डोक्याला हात लावला. बाबांनी, म्हणजे मोरेश्वररावांनी, ज्यांनी आयुष्यात कुठल्या गोष्टीत घाई केली नाही, त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'शब्द गेलाय ना? मग हॉल बघतो.' बघितला. मिळाला. आचारी सांगितला, कांदेपोह्यांत मिरची कमी अशी सूचनाही दिली. गिटारवाल्याला आग्रह करायचा नाही हे सगळ्या मावश्यांना बजावलं. हेल्मी? नाही हो, तुमच्या मनात आलं ते आईच्याही आलं होतं. ती यूक्काची बायको आहे.

तर हॉल आहे, आचारी आहे, बँड तर थेट फिनलंडहून येतोय. मुलगी तेवढी राहिलीये. तुमच्या बघण्यात कुणी असेल तर सांगा... काय म्हणालात? 'बघू'?

हे तुम्ही म्हणायचं म्हणून म्हटलंत ना?